ताई, तुमची पोरं घाटावर आली होती

ताई, तुम्हाला तापीच्या घाटावर नेलं तेव्हा तुम्ही शिकवलेली तुमची पोरंही आली होती. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आम्हा आयांनीच फोनाफोनी करून ठरवलं की पोरांना न्यायचं. घाटावर बायका येत नाहीत, असं तुमच्या नात्यातलं कोणीतरी हळूच म्हणालं, पण तोवर आम्ही रिक्षांतून उतरलो होतो.

माझी जुई कानांवर तिचे मोठे हेडफोन लावून उभी होती. ओम पायऱ्यांवर एकाच जागी उड्या मारत होता. आणि सगळीकडे अगदी शांत झालं असताना पियुष पाण्याकडे बघून खदखदा हसला. ते हसू थांबेना. तुमचे एक म्हातारे काका त्याच्या आईकडे वळले, काहीतरी बोलणारच होते, तेवढ्यात तुमचे भाऊ मधे आले.

"हसू द्या काका," ते म्हणाले, "तिचीच पोरं आहेत."

मग सगळेच थांबले. पियुषचं हसणं संपेपर्यंत अख्खा घाट थांबला आणि मग पुढचं सगळं झालं. पियुषच्या आईनं मान खाली घातली नाही. तिनं फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

ताई, मला त्या वेळी रडू आलं नाही. मला अभिमान वाटला. हेच गाव होतं, जिथं जुई बसमध्ये किंचाळली की लोक माना वळवून बघायचे आणि मी मधल्याच थांब्यावर उतरून जायचे. पोरांच्या आवाजाला हे गाव सरावलं ते तुमच्यामुळे. त्यात तुमची किती वर्षं गेली ते तुम्हालाच माहीत. पण तुम्ही गेलात त्या दिवशी ते काम झालेलं दिसलं, आणि ते बघायला तुम्ही नव्हता, म्हणून आधी हेच सांगितलं.

आता जो तो तुमच्याविषयी बोलतो. तुमचं शिक्षण, पुण्यातली नोकरी सोडून बुऱ्हाणपुरात परत येणं, सिंधीपुऱ्यातल्या घराच्या खालच्या खोल्या पोरांसाठी मोकळ्या करणं. सगळं खरं आहे. मला मात्र तुम्ही दिसता त्या निंबोला गावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर, हातात चहाचा कप, आणि चहा कधीचा गार झालेला.

जुई तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. बोलत नव्हती, नावानं हाक मारली तरी वळत नव्हती. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं स्वमग्नता आहे, इंदूरच्यांनी सांगितलं ऑटिझम आहे, आणि आमच्या घरात बरेच दिवस सगळ्यांना वाटत होतं की पोरीला दोन वेगवेगळे आजार झालेत. एक जण तेल देऊन गेला. एकानं सांगितलं, मोठी झाली की आपोआप बोलेल. यात मला सगळ्यात जास्त छळत होतं ते तिचं हाताला चावणं. रोज संध्याकाळी ती डाव्या मनगटाला कडकडून चावायची. तिथं घट्टा पडला होता. घरात सगळे म्हणत, जिद्दी आहे पोरगी.

मी बुऱ्हाणपुरात शाळेत गणित शिकवायचे. आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी तुमचं नाव सांगितलं. मी जुईला घेऊन आले, तुम्ही तिला बराच वेळ खेळू दिलंत, आणि मग म्हणालात की ती इथं चावतच नाही, तर मी इथं बसून काय शिकवू? मला तुमच्या घरी यायला हवं.

आणि तुम्ही आलात. पोरं घरी गेली की बस धरून निंबोल्याला यायचं आणि ओट्याच्या कोपऱ्यात बसायचं. संध्याकाळी आमच्या घरात जत्रा असते, तुम्हाला माहीतच आहे. केळीच्या बागेतून माणसं परतायची, ट्रॅक्टर अंगणात यायचा, आत टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, दोन्ही जावांची मुलं. तुम्ही जुईशी एक शब्द बोलत नव्हता. नुसत्या बघत होता. माझे सासरे शेवटी मला म्हणाले, "या बाई नुसत्या बसून राहतात. इलाज कधी करतील?"

काही संध्याकाळी अशा गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, "जुई चावायला लागली की घरात पहिल्यांदा कोण उठतं?"

मी म्हटलं, सासूबाई.

"आणि कुठं नेतात तिला?"

"मागं. केळीच्या बागेत."

"तिथं चावते ती?"

मी आठवून बघितलं. बागेत ती कधीच चावली नव्हती. तिथं ती केळीच्या पानांखालून फिरायची, खोडांना हात लावायची, अगदी शांत असायची. मी रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. तुम्हीही लगेच निदान ठोकलं नाहीत. अजून काही संध्याकाळी बसलात, आवाज कमी असलेल्या दिवशी काय होतं तेही बघितलंत, रविवारी माणसं नसताना येऊन गेलात. मगच आम्हाला सगळ्यांना बसवून सांगितलंत की ही जिद्द नाही. तिला या गलबल्यातून बाहेर पडायचंय आणि ते सांगायला तिच्याकडे शब्द नाही. चावलं की आजी उठते आणि बाहेर नेते, एवढं तिनं स्वतःचं स्वतः शोधून काढलंय. आता आपण तिला दुसरी रीत शिकवायची, जी चावण्यापेक्षा सोपी असेल आणि चावण्यापेक्षा लवकर कामी येईल.

रीत अगदी साधी होती. ट्रॅक्टरचा आवाज लांबून ऐकू आला, की जुई चावायच्या आधीच तुम्ही मागून तिचा हात धरायचा आणि सासूबाईंच्या तळहातावर ठेवायचा. हात टेकला की सासूबाईंनी हातातलं काम टाकून उठायचं आणि तिला बागेत न्यायचं. रोज हेच. मग हळूहळू तुमचा हात सैल करत जायचा.

माझ्या नवऱ्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, म्हणजे तिनं म्हटलं की आम्ही फिरवायचं का, असे तर फार लाड होतील. त्यावर तुम्ही जे बोललात ते आमच्या घरात अजून बोललं जातं.

"आज ती हाताला चावून मागतेय, भाऊ. उद्या हातात हात देऊन मागेल. मागू तर द्या."

पुढचे दिवस वाईट होते. तिनं चावलं तरी तेवढ्यावर उठायचं नाही, मनगटाला मऊ कापड गुंडाळायचं, शांतपणे तिचा हात तळहातावर ठेवायचा आणि मगच उठायचं, असं तुमचं सांगणं होतं. जुईला कळेना की रोज चालणारी गोष्ट आज का चालत नाही. ती आणखी जोरात चावायला लागली. हे असं होणार, हे तुम्ही आधी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बघणं वेगळं. सासूबाई एका संध्याकाळी रडायलाच लागल्या. "पोरगी रगत काढू राहिली अन् मी बसून राहू?" त्या म्हणाल्या. मी तुमच्यावर चिडले. मी तुम्हाला सांगितलं की उद्यापासून येऊ नका.

तुम्ही वाद घातला नाहीत. पर्स उचललीत आणि म्हणालात, "बरं, उद्या येत नाही. पण मला एक सांग, आज चावायच्या आधी तिनं कुठं बघितलं?"

मी बघितलं होतं. तिनं आजीच्या हाताकडे बघितलं होतं. मी तसं सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि बस धरायला गेलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच आला नाहीत. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. ट्रॅक्टर वळणावर आला, जुईनं कान झाकले, इकडे तिकडे बघितलं, आणि सरळ जाऊन आजीच्या तळहातावर आपला हात ठेवला. तिला मागून कोणी धरलेलं नव्हतं. सासूबाई इतक्या पटकन उठल्या की मांडीवरचा सगळा लसूण ओट्यावर पसरला. दोघी मागच्या दारानं बागेत निघून गेल्या. मी आणि माझा नवरा ओट्यावर एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

मी तुम्हाला फोन केला. सगळं सांगितलं. मग तुम्ही विचारलंत, "आणि सासूबाई लगेच उठल्या ना? उशीर नाही ना केला?"

अशा होता तुम्ही. त्या आनंदातसुद्धा तुम्हाला पोरीनं मागितलेलं तिला वेळेवर मिळालं की नाही याची काळजी होती.

तुमची एक गोष्ट मला मोठी वाटते, ती म्हणजे तुम्ही तुमचं म्हणणं बदलायला घाबरत नव्हता. या मुलांशी एकाच भाषेत बोलायचं असं तुम्ही शिकून आला होता. आपलं गाव मध्य प्रदेशात, शाळा हिंदी, म्हणून घरातही हिंदीच बोला, असं तुम्ही आम्हाला बजावलं होतं. आम्ही आपले "चलो, चलो" करत राहिलो. सासूबाईंना काही ते जमलं नाही, त्या त्यांच्या बोलीत "चाल वं बाई" म्हणूनच तिला न्यायच्या. जुईनं आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला तो "चाल". तुम्ही हसलात, पण तिथं थांबला नाहीत. बाकीच्या घरांत जाऊन कोणतं पोर कोणत्या बोलीला जास्त साथ देतं ते पडताळत राहिलात, आणि मग पालकांच्या बैठकीत उभ्या राहून सांगितलंत की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, घरात जी बोली आहे तीच बोला.

डोळ्यांत बघण्याचंही तसंच. आणि इथंच आपलं भांडण राहिलंय, ताई.

सुरुवातीला तुम्ही सगळ्या पोरांना "माझ्याकडे बघ" शिकवायचात. बघितलं की बिस्किटाचा तुकडा. जुई ते शिकली. तुमच्याकडे बघायची, शाळेतल्या बाईंकडे बघायची, पाहुण्यांकडे बघायची, आणि मला फार बरं वाटायचं. मग एकदा तुम्ही मोबाईलवर केलेले व्हिडिओ दोन दिवस बसून बघितलेत. मलाही दाखवलेत. ज्या वेळी तुम्ही तिला डोळ्यांत बघायला लावलं होतं, त्या वेळी ती सांगितलेलं काम चुकत होती. ज्या वेळी ती भिंतीकडे बघत होती, त्या वेळी तिनं लाल ठोकळा बरोबर उचलला होता. ओमचंही तेच. "ही पोरं बघतात तेव्हा त्यांना ऐकता येत नाही," तुम्ही म्हणालात, "मी त्यांना ऐकायचं सोडून बघायला लावतेय."

त्या महिन्याच्या बैठकीत तुम्ही जाहीर केलंत की हे आता बंद. पोरं हात हलवतात, डुलतात, तेही कोणाला लागत नसेल तर थांबवायचं नाही. तेव्हा ओमचे बाबा, ज्यांचं कपड्याचं दुकान आहे, ते उठून म्हणाले की ताई, लोकांना तेवढंच दिसतं, पोरानं नजर मिळवली की लोक त्याला चांगलं म्हणतात. तुम्ही म्हणालात, मग लोकांना शिकवू. मी ओमच्या बाबांच्या बाजूनं बोलले. मी शाळेत शिकवते, ताई. प्रवेशाच्या वेळी मुलाकडे कसं बघतात ते मला माहीत आहे. जगाला बदलायला वेळ लागेल आणि माझी मुलगी आत्ता सहा वर्षांची आहे, असं मी म्हणाले होते.

यावर आपण अनेकदा भांडलो. रिक्षात, तुमच्या स्वयंपाकघरात, फोनवर. तुम्ही म्हणायचात, तिला तिच्यासारखं राहू दे. मी म्हणायचे, थोडं शिकलेलं कामाला येतं. मला अजून वाटतं की माझ्या म्हणण्यात काही तथ्य होतं. घाटावर पियुष हसला तेव्हा मात्र मला वाटलं की तुम्ही जिंकत होता. आता तुम्ही नाहीत, तर हे भांडण मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय.

तुम्ही मला एका मोठ्या शहरात परिषदेला घेऊन गेला होता. आठवतं? मोठा हॉल, सगळे डॉक्टर आणि प्राध्यापक. तुम्ही पडद्यावर पहिल्यांदा माझ्या सासूबाईंचा तळहात आणि त्यावरचा जुईचा हात दाखवला. मी फुलून गेले होते. पण पुढच्याच चित्रात तुम्ही पियुषचं सांगितलंत. त्याच्यावर हीच रीत अनेक महिने वापरून बघितली आणि उपयोग झाला नाही, का झाला नाही तेही मला नीट कळलेलं नाही, असं तुम्ही भर सभेत म्हणालात. मला राग आला. जेवताना मी विचारलं की चांगलं चाललेलं असताना अपयश सांगायची काय गरज होती. तुम्ही ताटातून मान वर केलीत.

"मग पियुषच्या आईला काय सांगू? तुझा मुलगा मी मोजलाच नाही?"

त्याच सभेत एका डॉक्टरांनी प्रश्न विचारला होता की यातली किती मुलं नॉर्मल झाली. तुम्ही म्हणालात, ते मी मोजलं नाही, मोजणारही नाही. किती मुलांना पाणी मागता येतं, किती जणांना नको म्हणता येतं, किती आया आता पोराला घेऊन लग्नाला जातात, ते विचारा, ते सांगते. हॉलमध्ये काही जण हसले. मी मागच्या रांगेत बसले होते, आणि मला उभं राहून सांगावंसं वाटत होतं की या आमच्या गावच्या आहेत.

मग ती गोष्ट, जी मी घराबाहेर कधी कोणाला सांगितलेली नाही. आज सांगते, कारण दुसऱ्या आयांना ती उपयोगी पडेल.

जुई अकरा वर्षांची झाली आणि नात्यातल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हिची गर्भाची पिशवी काढून टाका. मुलीला काही कळणार नाही, कपडे घाण करेल, आणि उद्या कोणी तिचा गैरफायदा घेतला तर? ऑपरेशन करून मोकळ्या व्हा. त्यांच्या माहितीतल्या एकीनं केलं होतं म्हणे. हे घरात पसरलं. माझा नवरा वाईट माणूस नाही, ताई, तुम्ही त्याला ओळखत होता. तो घाबरला होता. तो विचार करायला लागला.

मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही त्याच दिवशी आलात. या वेळी ओट्यावर बसला नाहीत. आत आलात, सगळ्यांना बसायला सांगितलंत. तुमचा आवाज मी इतका कडक कधी ऐकला नव्हता. निरोगी पोरीचं पोट फाडायचं, ते तिच्यासाठी की आपल्या सोयीसाठी, असं तुम्ही विचारलंत. आणि गैरफायदा घेणाऱ्याला ऑपरेशन थांबवत नाही, फक्त त्याचा गुन्हा दिसेनासा होतो, असंही म्हणालात. मग माझ्या नवऱ्यानं विचारलं, "ताई, आम्ही उद्या नसलो तर कोण बघेल हिला?"

तुम्ही म्हणालात, "ते मला माहीत नाही, भाऊ. खरंच माहीत नाही. पण तिला जेवढं स्वतःचं स्वतः करता येईल, तेवढं तिला कमी लोकांवर सोडावं लागेल. मला वर्षभर द्या."

ऑपरेशनचा विषय त्या दिवशी संपला, आणि तुम्ही पाळी यायच्या कितीतरी आधी तिला शिकवायला लागलात. बाथरूमच्या भिंतीवर एकाखाली एक चित्रं लावलीत. सुरुवातीला तिनं पॅड नुसता हातात धरायचा. मग थोडा वेळ घालून बसायचं. मग ओला करून, कारण ओलं लागलं की ती कपडे काढून टाकायची. मग त्यावर लाल रंग टाकून, कारण लाल बघून ती घाबरेल असं तुम्हाला वाटलं. काढायचा, कागदात गुंडाळायचा, डब्यात टाकायचा, हात धुवायचे, दार लावूनच कपडे बदलायचे. शेवटच्या पायरीपासून उलटं शिकवत आणलंत, म्हणजे प्रत्येक वेळी काम पूर्ण झाल्याचा आनंद तिच्या वाट्याला येईल. माझ्या शाळेत मी गणित असं कधी शिकवलं नव्हतं. तुमच्यामुळे आता शिकवते.

मधेच तुमचं आजारपण निघालं. तुम्ही इंदूरला इलाजाला जायचात आणि परत आलात की खालच्या खोलीत येऊन बसायचात. केस गेले तेव्हा तुम्ही ओढणी बांधून आलात. आम्ही सगळ्या जणी तुमच्या कपाळाखालीच बघत होतो. वर बघायची हिंमत नव्हती. जुई आली, तिनं ओढणी सरळ ओढून काढली आणि तुमच्या टकलावर हात फिरवायला लागली. तिला तो स्पर्श इतका आवडला की ती दोन्ही हातांनी डोकं चोळत हसत सुटली. मी तिला ओढायला धावले. तुम्ही मला हातानं थांबवलंत. डोकं पुढे करून बसून राहिलात आणि तुम्हीही हसायला लागलात. नंतर म्हणालात, एवढ्या महिन्यांत डॉक्टर सोडून पहिल्यांदाच कोणीतरी हात लावला.

तुम्ही शेवटचं इंदूरला गेलात त्या आठवड्यात, ताई, जुईला पाळी आली. हेच तुम्हाला सांगायचं राहिलं.

मी शाळेत होते. घरी सासूबाई होत्या. जुई बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून त्या बघायला गेल्या. दार आतून लावलेलं होतं. सासूबाई घाबरल्या, पण आतून पाण्याचा आवाज येत होता म्हणून थांबल्या. जुई बाहेर आली ती कपडे बदलून. डब्यात कागदात नीट गुंडाळलेली पुडी होती. हात ओले होते. ती पुढे आली आणि आजीला म्हणाली, "झालं." एवढंच. तुम्ही प्रत्येक वेळी शेवटी जे म्हणायचात तेच. सासूबाईंनी मला शाळेत फोन केला. मला वाटलं काहीतरी वाईट घडलं. "पोरीनं सगळं केलं वं," त्या म्हणाल्या, "सगळं तिनंच केलं."

मी तुम्हाला लगेच फोन लावला. तुमच्या भावांनी उचलला. तुम्ही झोपल्या होता आणि उठवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी म्हटलं, उद्या करते. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हता. मला वाटतं, हे ऐकून तुम्ही काहीतरी विचारलं असतंत. मी त्या प्रश्नाची वाट बघतेय आणि तो कोणता असता ते मला ओळखता येत नाही.

तुम्ही गेल्याचं जुईला कसं सांगायचं यावर घरात चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं होतं, ताई देवाच्या घरी गेल्या असं सांग. पण ओमचे आजोबा गेले तेव्हा त्याला असंच सांगितलं होतं, आणि तो कितीतरी दिवस देवळाच्या दारात उभा राहून आजोबांना बाहेर बोलवत होता. तेव्हा तुम्ही आम्हाला सांगितलं होतं की या मुलांना सरळ शब्दात सांगा, सरळ शब्द जास्त मायेचा असतो. म्हणून मी जुईसमोर बसले आणि म्हणाले, "ताई मेल्या. आता त्या येणार नाहीत." तुमच्याविषयी तो शब्द तोंडातून काढणं मला जड गेलं. जुईनं ऐकलं, हेडफोन लावले आणि जेवायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना तीच म्हणाली, "ताई नाही." मी म्हटलं, हो, ताई नाहीत. तिनं रिबीन माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून तिनं तुम्हाला एकदाही शोधलेलं नाही, आणि मी मात्र रोज शोधते.

तुमचे दिवस झाल्यावर सोमवारी आम्ही खालच्या खोल्या उघडल्या. तुमच्या भावांनी किल्ली आणून दिली आणि म्हणाले, जसं चाललं होतं तसं चालू द्या. मी शाळेतून रजा घेतली होती. ओमची आई झाडून घेत होती, पियुषची आई चटया टाकत होती, आणि तेवढ्यात दारात एक जोडपं आलं. नेपानगरकडून आले होते. बरोबर तीन-साडेतीन वर्षांची मुलगी, तिच्या कपाळावर आपटून आपटून टेंगूळ आलेलं.

नवऱ्यानं विचारलं, "मॅडम कुठं आहेत?" मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला. आम्ही त्यांचं नाव ऐकून आलो होतो, आता काय उपयोग, असं तो बायकोला हिंदीत म्हणाला आणि रिक्षा थांबवायला बाहेर निघाला. बायको गेली नाही. मुलगी आत शिरून भिंतीशी बसली होती आणि मी तिच्यापासून थोड्या अंतरावर खाली बसले होते. मी तिला काही बोलले नाही, नुसतं बघत होते. पंखा सुरू झाला आणि तिचं डोकं भिंतीकडे गेलं. मी ओमच्या आईला पंखा बंद करायला सांगितलं. डोकं थांबलं. मी पुन्हा लावायला सांगितला नाही, पण एवढ्यावरून काही ठरत नाही, हे मला माहीत होतं. मी तिच्या आईला म्हटलं की घरी पंखा चालू असताना काय होतं ते मला बघावं लागेल, आणि मला तुमच्या घरी यायला आवडेल.

मग तिनं विचारलं, "तुम्ही हे कुठं शिकलात?"

ताई, हा प्रश्न मला याआधीही लोकांनी विचारलाय. दर वेळी मी ओशाळायचे, मी फक्त एका मुलीची आई आहे असं काहीतरी पुटपुटायचे, आणि मग घाईघाईनं तुमची पदवी आणि तुमचं पुणं पुढे करायचे. त्या सोमवारी मी तसं काही केलं नाही.

"इथंच," मी म्हटलं. "बुऱ्हाणपुरात."

बाहेर रिक्षा उभी होती, नवरा हाक मारत होता. तिनं त्याला हातानं थांबायला सांगितलं, खांद्यावरची पिशवी उतरवली आणि माझ्या शेजारी चटईवर बसली.